पिवळा धूर

गाडी दारात यायच्या आधीच विश्वंभररावांनी तिचा कायदा करून टाकला. तहसील कचेरीत जन्म काढलेला माणूस. त्यांच्या घरात नियमाशिवाय कोथिंबीरसुद्धा निवडली जात नसे.

झालं असं, की जेवताना अनुश्रीनं मोबाइलवर वारंगा फाट्यावरच्या कुणा पोराचा व्हिडिओ दाखवला. पोरगं गाडीची चाकं जागच्या जागी फिरवून धुराचे लोट काढत होतं.

"ह्याला बर्नआऊट म्हणतात, बाबा."

"ह्याला माज म्हणतात," विश्वंभरराव म्हणाले. "क्लच जातो, टायर जातो, गेर जातो, शेवटी बापाची इज्जत जाते. गाडी खलास."

त्यांची ही लेक भौतिकशास्त्राची पदवीधर. चुकीचं वाक्य ऐकलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"टायर झिजतं, क्लच तापतो, हे बराबर. रोज केलं तर वाट लागते. पण एकदा जरासं केल्यानं गाडी मरत न्हाई. किती तापलं अन् किती वेळ तापलं, त्यावर असतंय सगळं."

"एकदा काय अन् दहादा काय. ह्या घरात नियम एकच. ज्यानं चाक जाग्यावर फिरवून धूर काढला, त्यानं पुन्हा चावीला हात लावायचा न्हाई."

"कोणीबी?" भाकरी थापता थापता प्रेमाबाईंनी विचारलं.

"कोणीबी."

विश्वंभररावांनी निवृत्तीनंतर गाडी शिकून ही आयुष्यातली पहिली गाडी घेतली, ती एकाच हौसेपायी. त्यांची थोरली बहीण मनकर्णाबाई डोंगरकड्याला दिलेली. तिच्याकडे ते जन्मभर एसटीनं गेले, तेही बहुतेक वेळा उभ्यानं. आता रविवारी स्वतः गाडी चालवत बहिणीच्या दारात उतरायचं, असं त्यांनी फोनवर फोन करून तिला बजावून ठेवलं होतं. मनकर्णाबाईंनी पुरणाचा घाट घातला होता आणि भाऊ गाडीतून उतरताना बघायला अख्खी भावकी बोलावली होती.

रविवारी सकाळी आखाडा बाळापुरातल्या त्यांच्या गल्लीत गाडीची पूजा झाली. मनकर्णाबाईंनीच नव्या पिकाची हळद पाठवली होती. घरची हळद म्हटल्यावर प्रेमाबाईंनी हात आखडला नाही. पुढच्या दोन्ही टायरांना ओंजळीनं हळद फासली. चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि पुढच्या चाकापाशी नारळ असा फोडला, की पाणी बरोबर टायरांखाली वाहत गेलं.

गल्लीला जरा उतार. म्हणून विश्वंभररावांनी हँडब्रेक दोन्ही हातांनी, विहिरीतून घागर ओढावी तसा ओढून ठेवला होता. ओढला, आणि विसरले.

शेजारचा धर्मसिंग इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीमागं उभा होता. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात व्हिडिओ काढायला मोबाइल.

विश्वंभररावांनी क्लच सोडला. गाडी बंद पडली. पुन्हा सोडला. पुन्हा बंद.

"लाजून राहिली, भाऊसाहेब," धर्मसिंग म्हणाला. "नवी हाये."

गल्ली हसली. विश्वंभररावांचे कान तापले. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यानं एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसवली होती: रेस कमी पडली की गाडी बंद पडते. त्यांनी सगळी रेस दाबली आणि क्लचवरचा पाय एकदम उचलला.

गाडी जागची हलली नाही. पुढची चाकं मात्र उधळली. आधी हळद उडाली, मग टायरचा धूर आला, आणि दोन्ही मिळून असा पिवळाधमक ढग उठला की समोरचं पिठाचं दुकान दिसेना. डाव्या चाकाखालचं लिंबू सुटलं, ते गाडीखालून सणसणत येऊन थेट धर्मसिंगच्या कपात बसलं. विश्वंभरराव घाबरले की पाय ताठ करत. त्यामुळे रेसवरचा पाय आणखीच खाली गेला. शेवटी अनुश्री "चावी फिरवा, बाबा, चावी" असं ओरडत धावली, तेव्हा कुठं इंजिन थांबलं.

ढग हळूहळू खाली बसला. प्रेमाबाई पिवळ्या, गल्ली पिवळी, आणि धर्मसिंग डोक्यापासून चपलेपर्यंत पिवळा.

त्याची बायको चंदाबाई दारात आली. नवऱ्याला वरखाली बघत तिनं विचारलं, "हळद तर लागली. नवरी कोण हाये?"

"चहा दुधाचा होता, भाऊसाहेब," धर्मसिंग कपाकडं बघत म्हणाला. "त्यात लिंबू चालत न्हाई."

अनुश्रीनं गाडीत डोकावून हँडब्रेक खाली केला. "मागची चाकं बांधलेली, पुढची मोकळी. वर नारळाचं पाणी. शर्यतीतले लोक चाक फिरावं म्हणून टायरखाली मुद्दाम पाणी ओततात."

"म्हंजे चूक तुझ्या आईची," विश्वंभरराव आशेनं म्हणाले.

प्रेमाबाईंनी खिडकीतून हात घातला, चावी काढली आणि पदराला गाठ मारून बांधली.

"अगं, डोंगरकड्याला जायचंय."

"जायचंच की. तुमी चावीला हात लावायचा न्हाई, एवढंच."

"मी काय जाणूनबुजून केलं का?"

"नियमात जाणूनबुजून असं होतं का?"

नियमात तसं नव्हतं. 'नियमात तसं नाही' हे वाक्य विश्वंभररावांनी नोकरीभर खिडकीच्या आतून लोकांना ऐकवलं होतं. बाहेरून ते कसं लागतं हे आज कळलं. गाडीतून उतरून त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"अनू, तू त्या दिवशी बराबर बोलली होतीस. एकदा केल्यानं गाडी मरत न्हाई. आईला जरा समजून सांग."

"पण क्लच जातो ना, बाबा? टायर जातो, गेर जातो."

"काहून थट्टा करून राहिली? उष्णतेचं काय ते सांग तिला."

अनुश्री तशी न्यायाची. तिनं वाकून टायर पाहिले, आईकडून चावी घेतली, क्लच दाबून पाहिला, गाडी जरा पुढंमागं करून वास घेतला. "टायरची थोडी साल गेली. क्लच तापला होता, आता ठीक आहे. बाकी गाडीला काही झालं न्हाई."

"ऐकलं?" विश्वंभरराव बायकोकडं वळले.

"ऐकलं," प्रेमाबाई म्हणाल्या. "गाडी वाचली. राहिली ती इज्जत."

इज्जतीचा हिशेबही लगेच लागला. मोबाइल वाजला, मनकर्णाबाई होत्या. धर्मसिंगचा व्हिडिओ गाडीच्या आधी डोंगरकड्याला पोचला होता.

"विशा, काय करून राहिला रे तू ह्या वयात?"

"अक्का, ते चुकून..."

"लवकर ये. समदे वाट पाहून राहिले," म्हणून तिनं फोन ठेवला. आवाज रागाचा होता की कशाचा, हे कळलं नाही.

गाडी अनुश्रीनं चालवली. प्रेमाबाई मागं बसल्या. विश्वंभरराव शेजारी, मांडीवर पिशवी घेऊन, एसटीत बसल्यासारखे बसले. वारंगा फाट्यावर टपरीपाशी उभी पोरं गाडीकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली, तेव्हा त्यांनी पिशवी तोंडापर्यंत वर घेतली. भावकीपुढं लेकीच्या बाजूला बसून उतरायचं, आणि वर तो धूर. मागं फिरायला सांगावं, असं त्यांच्या अनेकदा ओठांवर आलं. पण चावी ज्यांची त्यांचं राज्य.

डोंगरकड्याला मनकर्णाबाईंच्या अंगणात भावकी दाटीनं उभी होती. गाडी थांबली आणि टाळ्या पडल्या. विश्वंभररावांनी उतरून मागं रस्त्याकडं वळून पाहिलं. मागून दुसरं कुणी येत नव्हतं.

"हाच तो माझा भाऊ," मनकर्णाबाई सगळ्यांना सांगत होत्या. "फाट्यावरची पोरं काळा धूर काढतात. ह्यानं पिवळा काढला."

"मामा, एकदा दाखवा की," पोरं म्हणाली. जन्मभर विश्वंभररावांना एसटीवरून घ्यायला फाट्यावर येणारे मेव्हणेसुद्धा आज 'उभ्यानं आले काय' असं न विचारता आदबीनं बाजूला उभे होते.

अंगणात, बरोबर गाडीच्या पुढं, मनकर्णाबाईंनी तयारी मांडली होती: लिंबं, नारळ, आणि तोंड सोडलेलं हळदीचं पोतं.

विश्वंभररावांनी पोत्याकडं पाहिलं. मग प्रेमाबाईंच्या रिकाम्या पदराकडं आणि अनुश्रीच्या हातातल्या चावीकडं. घसा साफ करून ते लेकीच्या कानाशी वाकले.

"अनू, शास्त्राला धरून सांग. दुसऱ्यांदा केल्यानं कितीसं नुकसान होतं?"