दरबारी उठण्याची पद्धत (स्टुटगार्ट शाखा)

राज्य करायला प्रजा लागते, असा एक गैरसमज आहे. प्रजा काय, कुठेही मिळते. राज्य करायला लागतात त्या खुर्च्या. कारण माणूस बसलेलाच नसेल तर उठून उभा राहणार कसा? दिल्लीच्या तुर्की सुलतानांच्या हे लक्षात आलं नाही. त्यांच्या दरबारात बहुतेक मंडळी आधीपासूनच उभी असत. ही त्रुटी पुढे स्टुटगार्टमध्ये भरून काढण्यात आली.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप व्हायचा होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत (नाव सांगत नाही, आमच्या करारात तसं कलम आहे) आम्ही काही पुणेकर इंजिनीअर कंत्राटावर होतो. भास्कर आमचा कोऑर्डिनेटर. मार्चअखेर कोणाचा करार वाढवायचा याची शिफारस तो करायचा. तरीही आम्ही त्याला अरे-तुरे करायचो, आणि पार्टीला भजी तोच तळायचा. थोडक्यात, राज्यकारभार पार ढासळला होता.

मला मुदतवाढ हवीच होती. ऊर्मिलाला, माझ्या बायकोला, मे महिन्यात बाळ होणार होतं आणि डॉक्टरीणबाईंनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. म्हणजे करार संपला तर मी पुण्यात आणि ती इथे, चौथ्या मजल्यावर, एकटी.

अशात एका शनिवारी आमच्यातल्याच हृषिकेशकडे जेवण होतं. त्याची बायको नंदिनी ट्युबिंगेनला सुलतानांच्या दरबारावर पीएच.डी. करत होती. कोणीतरी विषय विचारला (जेवणाच्या ताटावर बसून पीएच.डी.चा विषय कधीही विचारू नये) आणि ती रंगून सांगू लागली.

"सुलतान बल्बन दरबारात कधी हसला नाही. दुसऱ्या कोणाची हसायची टाप नव्हती. समोर येणाऱ्यानं जमिनीला कपाळ टेकायचं, पायाचं चुंबन घ्यायचं. खासगी नोकरांनीसुद्धा त्याला टोपी-मोज्यांशिवाय पाहिलं नाही म्हणतात!"

"म्हणजे प्रोफेशनल होता," भास्कर म्हणाला.

हा बल्बन मुळात विकत घेतलेला गुलाम होता, हे नंदिनीनं पुढे सांगितलं. पण तोवर भास्कर क्वार्कच्या (म्हणजे जर्मन चक्क्याच्या) श्रीखंडाकडे वळला होता. इतिहास अर्धाच ऐकला तर तो फार उपयोगी पडतो.

सोमवारपासून सुधारणा लागू झाल्या. भास्करला 'सर' म्हणावं. सर आत आले की उठून उभं राहावं. सरांसमोर हसू नये (सरांनी विनोद केला तरीही, ती परीक्षा असते). जमिनीला कपाळ टेकण्याची अट मात्र, कार्पेट महिन्यातून एकदाच साफ होत असल्यामुळे, शिथिल करण्यात आली. पायाच्या चुंबनाऐवजी सरांच्या घरी गेल्यावर त्यांच्या सपाता पुढे सरकवाव्यात, असं ठरलं. सर येताहेत ही वर्दी द्यायला हृषिकेशची नेमणूक झाली. कोण हसलं याची नोंदही तोच ठेवायचा, आणि ती तो मनापासून ठेवायचा.

"अरे बाबांनो, मी इतिहास सांगत होते!" नंदिनी कपाळावर हात मारून म्हणाली. तिचं कोण ऐकतो? आम्हा सगळ्यांना मार्च दिसत होता.

पंधरा दिवस राज्य सुरळीत चाललं. मग एका सकाळी आमचे जर्मन विभागप्रमुख हेर ब्रेनर (हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत) सहज आमच्या खोलीत आले. नेमके तेव्हाच सर दारात उगवले. आम्ही सगळे एकदम उभे राहिलो. हेर ब्रेनर त्या मजल्याचे अग्निसुरक्षा अधिकारीही होते. एवढी माणसं एकाच वेळी, एक शब्द न बोलता उठतात, याचा अर्थ जर्मनीत एकच होतो. त्यांनी कोट उचलला, लाल बटण दाबलं आणि अख्खा मजला शिस्तीत जिना उतरून बर्फात जाऊन उभा राहिला. सुलतानही उभे होते, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातानं टोपीविना गारठलेला एक कान झाकत. ते पाहून मला हसू फुटलं. आवरेचना!

हृषिकेशनं नोंद केली.

"का उठलात?" हेर ब्रेनरनी विचारलं. भास्करचा चेहरा पडला. पण हाडाचा सुलतान तो. म्हणाला, "रूकन. पाठ. पाठीसाठी व्यायाम. योगा."

"आख झो! गेनाऊ!" (अस्सं होय! अगदी बरोबर!) हेर ब्रेनर खूश. पाठदुखी हा त्या देशातला एकमेव सर्वमान्य धर्म आहे. आठवड्याभरात भास्कर खोलीत आला की आमच्याबरोबर जर्मन सहकारीही उठून उभे राहू लागले. त्यातल्या दोघांनी त्याचे आभारही मानले.

त्या बर्फातल्या दिवशी संध्याकाळी मात्र भास्करनं मला बोलावून घेतलं होतं. "श्रीधर, तू हसलास."

"चुकलं, सर. पण ऊर्मिलाचं…"

"बघू मार्चमध्ये."

मी घाबरलो. घरी सांगितल्यावर ऊर्मिला आधी रडली, मग म्हणाली, "भजी तळायचा रे तो आपल्याकडे!"

फेब्रुवारीअखेर हेर ब्रेनरनी भास्करचा गौरव केला. पाठीचा हा अभिनव उपक्रम म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइम शाखेत नेण्यासाठी त्याची तिकडे बदली झाली. (सुलतानही जड झालेल्या सरदाराला असाच लांबचा सुभा द्यायचे, असं नंदिनी म्हणाली.) भास्कर रुबाबात तिथे पोचला. खोलीत शिरला. कोणीही उठलं नाही. तिथली टेबलं वरखाली होणारी होती आणि सगळे आधीपासूनच उभे राहून काम करत होते.

इथे नवा कोऑर्डिनेटर हवा होता. हेर ब्रेनरनी विचारलं, "त्या दिवशी हसला तो कोण?" हृषिकेशनं नोंदीप्रमाणे माझं नाव सांगितलं. "उत्तम," हेर ब्रेनर म्हणाले, "आगीचा भोंगा वाजत असताना जो हसतो, तो संकटात डोकं शांत ठेवतो."

बाळ मे महिन्यात, स्टुटगार्टमध्येच, सुखरूप झालं. मुलगी. "मी काही तू आल्यावर उठणार नाही हं," ऊर्मिलानं दवाखान्यातच बजावलं.

कोऑर्डिनेटर म्हणून ऑफिसात पहिल्या दिवशी मी आत शिरलो होतो, तेव्हाच सगळे उठले. मी 'बसा रे' म्हणणारच होतो, देवाशप्पथ. पण पाठीला खरंच बरं असतं ते. आणि वर्षभर सगळे मला 'श्रीधर, जरा प्रिंटर बघ ना' म्हणत होते, ते आता 'सर' म्हणत होते. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या अजून यायचा आहे. हृषिकेशचं काम उत्तम आहे, त्याला कायम केलं.

तर ही सुलतानशाहीची हकिकत. वाचताना तुम्ही मध्ये एक-दोनदा हसलात, असं हृषिकेश सांगतो. असू दे. मार्चमध्ये बघू.

आणि काय हो, हे सगळं तुम्ही बसून वाचलंत?