कुसुमबाईंची चूक नामंजूर

माणसाच्या हातून चूक होते, ही गोष्ट माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र झालेली चूक झालीच नाही, हे ठरवायला एकटा माणूस पुरत नाही. त्यासाठी समिती लागते. देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात अशी समिती २०१२च्या मंडईत, म्हणजे आमच्या जत्रेत, स्थापन झाली, आणि मी तिचा सचिव होतो, हे येथे अभिमानाने नमूद करतो.

त्या वर्षी उमेंद्र बिसेन गोव्याहून परत आला. तिथं पाण्यात उभ्या असलेल्या एका कॅसिनोत तो पत्ते वाटायच्या नोकरीवर होता. (त्याच्या आईनं गावात ‘पोरगा जहाजावर साहेबाय’ असं सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. जहाज होतं, आणि त्यावर साहेबही येत.) दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, पाहुणे येतात, नाचगाण्यांची दंडार होते. उमेंद्रनं ठरवलं, यंदा मंडईत पोकरची स्पर्धा घ्यायची. जुगाराचा बट्टा नको म्हणून पैशाऐवजी चिंचोके, आणि बक्षीस म्हणून एक काळा बोकड.

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं पालथी मिळतात, मग मध्ये पाच पानं सर्वांसाठी उघडली जातात, आणि ज्याच्याकडे काहीच नसतं तो सर्वांत गंभीर चेहरा करून बसतो. (या शेवटच्या कलमामुळे निवृत्त कर्मचाऱ्यांना खेळ लगेच जमला.)

पत्ते वाटायला कुसुमबाईंना बसवलं. त्या अंगणवाडी सेविका. खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांची नाकं त्यांनी लहानपणी पुसली होती, त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायची कुणाची हिंमत नव्हती. वाद झालाच तर निवाडा करायला पाच जणांची समिती नेमली. अध्यक्ष भैयाजी, निवृत्त विस्तार अधिकारी. पाचांपैकी चौघांना पोकर येत नव्हतं, म्हणून निःपक्षपातीपणाची चिंता नव्हती. पाचवा उमेंद्र. तो तांत्रिक सल्लागार.

दुपारी मंडपातल्या खेळात दोघंच उरले. एक चैनलाल पटले, माजी सरपंच, मोठा धानवाला. दुसरा रत्नपाल मेश्राम, एसटीत कंडक्टर. दोघं शाळेपासूनचे सोबती. पारावर दोघांनी आजवर किती पत्ते कुटले याची गणती नाही, पण त्यात रत्नपाल एकदाही जिंकला नव्हता, ही गणती सगळ्या गावाला पाठ होती. त्यामुळे दंडार सोडून लोक मंडपात आले.

रत्नपालनं आपली दोन पानं पाहिली, पालथी ठेवली आणि सगळे चिंचोके दोन्ही हातांनी पुढे लोटले.

“काय गा,” चैनलाल म्हणाला, “आज तिकीट न फाडताच गाडी सोडून राहिलास?”

“बस ना चूपचाप. हिंमत असन तं टाक.”

चैनलालनंही सगळे लोटले. नेमकं तेव्हाच भोंग्यावरून कुणाचं तरी लेकरू हरवल्याची हाक झाली. कुसुमबाईंनी मान वर केली. लेकरं म्हटली की त्यांचं चित्त जागेवर राहत नाही. आणि जेवणं आटोपल्यावर ताटल्या गोळा करायची त्यांच्या हाताला जन्माची सवय. त्या भोंग्याकडं बघत राहिल्या, आणि हातानं उजवीकडची रत्नपालची दोन पानं उचलून टाकलेल्या पानांत घातली आणि सारखी केली.

रत्नपालचे हात जिथं पानं होती तिथंच टेकलेले होते. कंडक्टर माणूस, गर्दीत उभं राहून दहा जणांशी एकदम बोलणारा. तो एकट्या बाईंकडं वळला.

“बाई,” तो म्हणाला, “दोन एक्के होते ना वो माहे.”

समिती बसली. उमेंद्रनं कॅसिनोतला नियम सांगितला. आपली पानं सांभाळणं ही खेळाडूची जबाबदारी. वाटणाऱ्याच्या हातून ती उचलली गेली, तर पानं बाद, आणि लावलेले चिंचोके समोरच्याचे. मूळ नियमाला म्हणे काही अपवादही आहेत. ते भैयाजींनी वेळेअभावी ऐकले नाहीत.

“पण चूक माही आहे,” कुसुमबाई उभ्या राहिल्या. “त्यानं काय केलं? म्या उचलली.”

भैयाजींनी त्यांना समजावलं, की नियमानुसार वाटणाऱ्याची चूक असूच शकत नाही, सबब तुमची कबुली फेटाळण्यात येत आहे.

“काऊन फेटाळता? म्या करून राहिली ना कबूल! अन् एक्केच होते. सारखी करताना नजर पडली ना माही.”

यावर समिती हादरली. वाटणाऱ्यानं खेळाडूची पानं पाहणं हा स्वतंत्र गुन्हा. म्हणजे साक्ष खरी मानली तर कुसुमबाई दोषी, आणि त्या दोषी असू शकत नाहीत हे नुकतंच ठरलेलं. तेव्हा त्यांनी पानं पाहिली नाहीत, असं समितीनं सौजन्यानं मानलं.

मग चैनलाल पुढे आला. “भैयाजी, कायले ताणता? डाव परत वाटा. मले असं जिंकाचं नाही.”

हेही तपासण्यात आलं. हरलेला दाद मागू शकतो. जिंकलेल्यानं स्वतःच्या जिंकण्याविरुद्ध दाद मागायची सोय कुठंही नाही. शिवाय ‘परत वाटा’ हे शब्द ऐकताच सकाळीच बाद झालेला उदाराम भज्यांचा कागद टाकून धावत आला. “मंग माहाही डाव परत वाटा! माह्या वक्ताले बाईनं शिंकलं होतं!” त्याच्या मागे आणखी हरलेले उठले. एक चूक मान्य केली तर किती जणांना न्याय द्यावा लागेल, हे त्या रांगेकडं पाहून समितीच्या ध्यानात आलं. एवढा न्याय आमच्याकडे नव्हता.

थोडक्यात, ज्याची पानं गेली, जिनं उचलली आणि ज्याला फायदा झाला, या तिघांचंही घडलेल्या गोष्टीवर एकमत होतं. समितीनं त्यांच्या विरोधात पाच विरुद्ध शून्य असा निर्णय दिला. असं यश सहसा मिळत नाही.

निर्णयाच्या शेवटी, वाटणाऱ्यास मनस्ताप दिल्याबद्दल रत्नपालनं दिलगिरी व्यक्त करावी, असंही सुचवलं होतं. (हे माझं वाक्य. भैयाजींना फार आवडलं.)

रत्नपाल कुसुमबाईंसमोर गेला. हात जोडले. “बाई, माही पानं तुमच्या हाताखाली आली. माफ करजा.”

कुसुमबाईंचा चेहरा कसनुसा झाला. “असा बोलू नोको रे बापा,” त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. मग गड्डी उचलून भैयाजींच्या मांडीवर आपटली. “ठेवा तुमची इज्जत तुमच्यापाशी. मले माही चूक पायजे.”

ती त्यांना मिळाली नाही.

चैनलाल बोकड घेऊन रत्नपालच्या दारात गेला. “तुहाच आहे, बांध.” रत्नपालनं दावं हाती घेतलं नाही. “तुह्याशी हरलो असतो तं चाललं असतं गा,” एवढंच म्हणाला, आणि आत गेला. चैनलाल बोकड ओढत घरी परत आला. पुढे कितीतरी दिवस पारावर पत्ते पडले नाहीत. बोकड शेवटी चैनलालच्या अंगणात शिजला. कुसुमबाई आल्या नाहीत. रत्नपाल ड्युटीवर होता. समिती पूर्ण संख्येनं हजर होती.

पुढल्या मंडईत स्पर्धेला खेळाडू मिळेनात. मात्र समितीवर घ्या म्हणून इतके अर्ज आले, की निवडीसाठी दुसरी समिती नेमावी लागली. उदाराम आता त्या दुसरीवर आहे. फार कडक आहे म्हणतात.

वाचकहो, आपण हसला असाल. खेड्यातली माणसं, म्हणाला असाल. हरकत नाही. फक्त एक आठवून बघा. कुण्या कचेरीनं आपल्या वडिलांचं नाव चुकीचं छापलं, तेव्हा दुरुस्तीच्या अर्जात आपण काय लिहिलं होतं? ‘माझ्याकडून अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल क्षमस्व.’ आणि खाली सही. अक्षरही किती सुरेख काढलं होतं आपण.