कातीची परदेशवारी

एका जंगलात, मुलांनो, समुद्र सोडून सगळं होतं. समुद्र पश्चिमेला तीन दिवसांच्या वाटेवर होता, आणि तिथे एका म्हाताऱ्या देवमाशाने सहलींचा धंदा काढला होता. पाठीवर मांडव, मांडवात गाद्या आणि तीन वेळा जेवण. याला क्रूझ म्हणायचं असं त्यानेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चार दिवस फिरायचं, पाचव्या दिवशी परत. मधे केवडाबेटावर सहा तासांचा मुक्काम.

या जंगलात वेणूआक्का नावाची एक धामण राहत होती. धामण म्हणजे विष नसलेला साप. लोक तिला उगाच भीत आणि ती लोकांना खरोखर भीत असे. वयाने पोक्त, स्वभावाने बोलघेवडी. तिला देवमाशाच्या गाद्यांचं कौतुक नव्हतं, जेवणाचंही नव्हतं. तिला ते सहा तास हवे होते.

कारण केवडाबेटावर तिची धाकटी बहीण ठकी राहत होती. दोघी एकाच चिंचेखालच्या अंड्यांतून निघालेल्या. लहानपणी मोठ्या पुरात ठकी एका ओंडक्यावर बसून वाहत गेली ती थेट बेटाला लागली. तेव्हा तिच्याकडे कुणी व्हिसा मागितला नाही, कारण पुराला फॉर्म नसतो. पुढे लग्न, अंडी, संसार सगळं तिकडेच झालं. टपाल नेणारे बगळे बेटावर ये-जा करत, त्यांच्याबरोबर दोघींची पत्रं चालू होती. शेवटच्या पत्रात ठकीने लिहिलं होतं, "आक्का, आता अंगात काही राहिलं नाही. हा उन्हाळा काढीन असं वाटत नाही. एकदा येऊन जा."

वेणूआक्काने ते पत्र तीनदा वाचलं, पोटभर रडली आणि देवमाशाचं तिकीट काढलं.

तिकीट काढल्यावर तिला कळलं की बेटावर पाय ठेवायला व्हिसा लागतो. तिला पाय नव्हते. तरी लागतो, असं सगळ्यांनी सांगितलं.

बेटावर राज्य खेकड्यांचं. त्यांची कचेरी सात डोंगरांपलीकडे, नदीच्या मुखाशी. पण तिथे स्वतः जाऊन उपयोग नसे. समोर आलेल्या अर्जदाराकडे बघायचं नाही, अर्ज टपालानेच घ्यायचा, असा तिथला नियम होता. त्यामुळे जंगलातले सगळे नकुलरावांकडे जात. नकुलराव हे मुंगूस होते. बिळाबाहेर त्यांनी 'व्हिसा सल्लागार' अशी पाटी लावली होती.

वेणूआक्का त्या पाटीपाशी बराच वेळ घुटमळली.

"या आक्का, आत या," नकुलराव म्हणाले. "ऑफिसच्या वेळात मी कुणाची मान धरत नाही."

"आणि ऑफिस सुटल्यावर?"

"सुटायच्या आत आपण फॉर्म भरून टाकू."

फॉर्म लांबलचक होता. वेणूआक्काने शेपटीचं टोक जांभळाच्या रसात बुडवलं आणि 'प्रवासाचा हेतू' या रकान्यात लिहिलं, बहिणीला भेटणे.

"खोडा ते," नकुलराव म्हणाले. "तुम्हाला पर्यटक व्हिसा हवाय. बहीण म्हणजे पर्यटन नव्हे. 'निसर्गसौंदर्य पाहणे' लिहा."

"अहो, मी निसर्गातच राहते."

"म्हणून तर तिकडचा बघायचाय तुम्हाला. लिहा."

तिने लिहिलं. खोटं लिहिताना तिची शेपटी थोडी थरथरली.

"फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत," नकुलरावांनी पुढचं कलम वाचलं.

"मला कान नाहीत."

"मग कान नसल्याचा दाखला आणा. सशाकडे मिळेल. कानांचे अधिकार त्याला आहेत. आता तुम्ही परत याल याचा पुरावा. घर कुणाच्या नावावर?"

"घर म्हणजे बीळ. ते उंदरांनी खणलेलं आहे."

"मग त्यांचं ना-हरकत पत्र लागेल. कुठे असतात ते?"

वेणूआक्काने नजर दुसरीकडे वळवली. "आता नसतात. संपले ते."

नकुलरावांनी घसा खाकरला आणि स्वतःच्या हाताने 'वारसाहक्काने प्राप्त' असं लिहिलं. आयत्या बिळावर नागोबा, ही म्हण त्या जंगलात कुणी सापांच्या तोंडावर म्हणत नसे. फॉर्मात मात्र तिच्यासाठी स्वतंत्र रकाना होता.

शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं होतं. टपालाने आलेला अर्ज खऱ्याचा की खोट्याचा हे खेकड्यांनी ओळखायचं कसं? म्हणून अर्जदाराने आपल्या अंगाची एक मूळ खूण पाकिटात घालून पाठवायची होती. नक्कल चालणार नव्हती. सांबराने गळलेलं शिंग पाठवलं. मोराने पीस पाठवलं. वाघाने काय पाठवलं हे विचारायला कुणी गेलं नाही, त्याचा व्हिसा घरपोच आला.

"तुमचं काम सोपं आहे," नकुलराव म्हणाले. "कात पाठवा. डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खीच्या अख्खी मूळ खूण. असा भक्कम अर्ज माझ्या हातून अजून गेलेला नाही."

वेणूआक्काची कात नुकतीच सुटली होती. तिने ती नीट दुमडली, पाकिटात घातली, पाकीट बगळ्याच्या हवाली केलं आणि वाट बघत बसली.

वाट बघणं फार वाईट असतं, मुलांनो. एक पंधरवडा गेला. दुसरा गेला. ती रोज बगळ्यांच्या झाडाखाली जाई. बगळे एका पायावर उभे राहून नाही म्हणत. काळजीने काहींची भूक मरते, वेणूआक्काची वाढली. दिसेल तो बेडूक ती गिळत सुटली. हां हां म्हणता तिचा घेर बोटभर वाढला आणि लांबीही थोडी वाढली. मधे आणखी एकदा कात सुटली, ती तिने लक्ष न देता झुडपात टाकून दिली.

सहल निघायला चार दिवस उरले तेव्हा पाकीट आलं. पाकिटात तिचीच कात होती आणि कातीच्या मानेवर केवडाबेटाचा निळा शिक्का. व्हिसा मंजूर. वेणूआक्काने आनंदाने तिथेच तीन वेटोळी घातली. मग चिंचेखालची चिमूटभर माती तिने पानात बांधली, कारण ठकीसाठी त्या बेटावर न मिळणारं असं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तीन दिवस सरपटत ती बंदरावर पोचली.

बंदरावर तपासणीला घोरपडबाई बसल्या होत्या. घोरपडीने भिंत धरली की सोडत नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. या बाईंनी नियम धरले होते.

"मूळ खूण लावून दाखवा," त्या प्रत्येकाला सांगत होत्या. सांबराने शिंग कपाळाला टेकवलं. बसलं. मोराने पीस पिसाऱ्यात खोचलं. तेही बसलं. दोघे मांडवात जाऊन गादीवर लोळले.

"तुम्ही," घोरपडबाई म्हणाल्या. "घालून दाखवा."

वेणूआक्काने कातीत तोंड घातलं. डोकं कसंबसं गेलं. मानेपाशी बेडूक आडवे आले. तिने श्वास रोखला, अंग आवळलं. कात करकरली.

"फाडू नका. सरकारी शिक्का आहे त्याच्यावर," घोरपडबाईंनी दटावलं. "ही तुम्हाला होत नाही. म्हणजे ही तुमची नाही."

"अहो बाई, माझीच आहे. माझ्याच अंगावरून निघाली."

"असेल. पण फोटो हिच्याशी जुळतो, खवले हिचे मोजलेत, शिक्का हिच्यावर आहे. तुमच्यावर कुठे आहे?"

"मी आत होते हिच्या."

घोरपडबाईंनी अर्ज पुन्हा वाचला. मागून, पुढून, समासातसुद्धा. "आत कुणी होतं असं यात लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या.

वेणूआक्का काकुळतीला आली. "बाई, तुम्हीही कात टाकता. तुम्हाला तरी कळायला हवं."

"टाकतो ना. पण कचेरीला आधी कळवून."

तेवढ्यात देवमाशाने फवारा उडवला. निघायची वेळ झाली होती. घोरपडबाईंनी घाईने यादी पाहिली. वेणूआक्का, तिकीट आहे. व्हिसा आहे. खूण हजर आहे. "कागदपत्रं पूर्ण असलेला प्रवासी मागे राहिला तर मला जाब द्यावा लागतो," असं म्हणून त्यांनी कात उचलली आणि देवमाशाच्या पाठीवर चढायच्या फळीवर ठेवली. वारा चांगला होता. कात फळीवरून आपली आपण वर गेली.

वेणूआक्काला एवढंच सुचलं की सरसरत जाऊन मातीची पुडी कातीच्या गळ्यात बांधावी. घोरपडबाईंनी तेवढं करू दिलं, कारण प्रवाशाने सामान नेऊ नये असा नियम नव्हता.

पाच दिवस वेणूआक्का बंदरावरच्या एका दगडाखाली पडून होती. तिने काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी देवमासा परतला. सांबर उतरलं, मोर उतरला, आणि कात उतरली. तिच्या शेपटीवर आणखी एक शिक्का होता, 'वेळेत परतल्या'. मातीची पुडी गळ्यात नव्हती.

आठ दिवसांनी बगळ्याने ठकीचं पत्र आणलं.

"आक्का, तू आलीस. सहा तास कसे गेले कळलं नाही. माझे डोळे सध्या दुधाळ झालेत, कात सुटायच्या आधी होतात तसे. त्यामुळे तुला नीट बघता आलं नाही. पण अंगाला अंग लागलं, वास तोच, आपल्या चिंचेचा. किती गं वाळलीस तू, नुसती हलकी झालीस. मी सगळं बोलून घेतलं. यजमान गेले तेव्हाचं, पोरांचं, सगळं. लहानपणी तू मला एक वाक्य पुरं करू देत नव्हतीस, आणि आता एकदाही मधे तोंड घातलं नाहीस. माती उशाशी ठेवली आहे. जाताना मागे वळून बघितलं नाहीस, तेवढं मात्र मनाला लागलं."

वेणूआक्का पत्र घेऊन दिवसभर चिंचेखाली बसली. खरं लिहावं की नाही? तिने जांभळाच्या रसात शेपटी बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली. शेवटी लिहिलं, "ठके, वळले असते तर पाऊल निघालं नसतं."

आयुष्यातलं दुसरं खोटं. या वेळी तिची शेपटी थरथरली नाही.

ठकीने उन्हाळा काढला नाही. तिच्या थोरल्या मुलाचं पत्र आलं. "मावशी, आई शांतपणे गेली. आक्का भेटून गेली, आता कशात जीव अडकला नाही, असं शेवटपर्यंत सांगत होती."

त्याच टपालाने खेकड्यांच्या कचेरीतून एक जाड पाकीट आलं होतं. वेणूआक्काची बेटावरची वागणूक अतिशय शांत आणि शिस्तीची आढळल्यामुळे तिच्या कातीला दहा वर्षांचा व्हिसा देण्यात येत होता. नकुलरावांनी ते पत्र आपल्या पाटीखाली टांगलं आणि बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगू लागले, की अर्ज कसा असावा तर असा.

तात्पर्य: मुलांनो, कागदपत्रं नेहमी पूर्ण ठेवावीत. ती पूर्ण असली की आपण गेलो नाही तरी चालतं.