कादरभाईंची रुईची बंडी

कादरभाई पिंजारी हुतुतू खेळायला अंगावर पाच थर घालून येत. मी मोजले आहेत. आतून बाहेर सांगायचं तर झिरझिरीत मलमल, रुई भरलेली बंडी, जाड सदरा, कोट आणि सगळ्यांवर घोंगडी. मी तेव्हा मंगरूळपीरला तहसिलीत कारकून होतो. आमचा भाग अजून मध्यप्रदेशात होता. थंडीत आम्ही काही नोकरदार आणि दुकानदार सकाळी सहाला मैदानावर जमत असू. गुण लिहिण्याचं काम माझ्याकडे.

कादरभाई पन्नाशीचे. आल्याबरोबर घोंगडी उतरे, वीस बैठकांनंतर कोट आणि पहिल्या चढाईनंतर सदरा. हा क्रम कधी चुकला नाही. एकदा मी दोन स्वेटर एकावर एक चढवून गेलो, तर त्यांनी गादी तपासावी तशी माझी पाठ बोटाने दाबून पाहिली.

"बाबूजी, हवेले जागाच नाई ठेवली तुमी. हे रजाई नाई, चटई झाली."

"मग काय करू?"

"ढिलं घाला. कपडा गरम नसते, मधातली हवा गरम असते. तीस वर्षं कापूस पिंजून राह्यलो मी. पिंजतो म्हंजे काय? हवाच भरतो त्याच्यात."

मी एक स्वेटर कमी केला, वर ढगळ कोट घातला. त्या हिवाळ्यात मला खोकला झाला नाही.

बंडी मात्र ते मैदानात कधीच काढत नसत. ती त्यांच्या पत्नीने, हलीमाभाभींनी, शिवलेली. भाभींची नजर दोन वर्षांपूर्वी गेली होती. टाके चाचपून घातलेले, एक अर्ध्या बोटाचा तर पुढचा दोन बोटांचा. मागच्या थंडीत कादरभाईंच्या छातीत कफ साचला, तेव्हा भाभींनी शब्द घेतला होता की उघड्यावर बंडी काढायची नाही.

मग रिठदच्या संघाशी सामना ठरला. कादरभाई आठ दिवस दुकानात दुसरं काही बोलत नव्हते. सामन्यात त्यांची पहिली चढाई झाली आणि रिठदच्या कप्तानाने हात वर केला.

"काका, माणूस पकडाचा का गादी? हातच बसून नाई राह्यला. काढा ते."

हरकत रास्त होती. पंचांनीही तेच सांगितलं. कादरभाई बाहेर आले आणि घोंगडीवर बसले.

"तासभर काढा ना," मी म्हणालो.

"जबान देली हाय तिले."

आम्ही चार गुणांनी हरलो. रिठदकर गेले, आमचेही पांगले. तेव्हा कादरभाई उठले, सदरा, कोट, घोंगडी असे सगळे थर पुन्हा चढवले आणि मैदानाला फेऱ्या मारू लागले. ऊन चांगलं वर आलं होतं. नऊ फेऱ्या मी मोजल्या, दहाव्या फेरीला आडवा गेलो.

"कायले धावता, कादरभाई?"

"घरी गेलो का ती बंडी चाचपते. घाम किती, त्याच्यावरून माहा खेळ ओयखते." ते गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. "कोरडी लागली तं म्हणन, म्हाताऱ्याले बसवलं. तिले आता बाहेरचं तेवढंच दिसते, बाबूजी."

पुढच्या दोन फेऱ्या मी त्यांच्या बरोबरीने मारल्या.

चहाला मी त्यांच्या घरी गेलो. भाभी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. बंडी चिंब होती.

"आज लय खेयले," त्या म्हणाल्या. "जितले का?"

"जितलो," कादरभाई माझ्याकडे न पाहता म्हणाले.

भाभींनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. "बाबूजी, तुमी सांगा. तुमचा आकडा चुकत नाई. किती गुनानं?"

वही माझ्या बगलेत होती.

"चार," मी म्हणालो.