होलेवाल्यांचा मेळावा

"ठरली! जागा ठरली!" पाक वार्दोयोंनी मोबाईल छातीशी धरून स्वयंपाकघरात येऊन जाहीर केलं. "तावांगमांगूला, थेट डोंगरावर! अकरा खोल्यांचा बंगला आणि व्हरांड्यात पिंजरे टांगायला आकडेसुद्धा!"

"आणि येणार कोण?" त्यांच्या बायकोने, बू मार्सियाहनी, झारा न थांबवता विचारलं. कढईत सोयाबीनचं टेम्पे तडतडत होतं. (जावा बेटावर पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'.)

"कोण म्हणजे? सगळे!"

सगळे म्हणजे मोबाईलवरच्या ग्रुपमधले होलेवाले. वार्दोयो क्लातेनच्या शाळेत हेडक्लार्क होते. निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी गहिवरून "येत जाऊ हं घरी" म्हटलं होतं, आणि त्यानंतर त्या दाराची पायरी शेजारच्या मांजराखेरीज कोणी चढलं नाही. बिचारे महिनाभर खुर्चीत दाराकडे तोंड करून बसले. मग त्यांनी घुमणारा एक होला पक्षी पाळला आणि होला पाळणाऱ्यांचा ग्रुप काढला. रोज सकाळी पिंजरा दोरीने उंच काठीवर चढवायचा, पठ्ठ्या घुमला की रेकॉर्ड करून टाकायचं, की तिकडून वीस-पंचवीस जणांची वाहवा आलीच. दिवस कसा मजेत जायचा.

बायकोचं मत मात्र पक्कं होतं. "ती माणसं मोबाईलमधली. मोबाईल बंद, की माणसं बंद. खरं माणूस घोटभर चहाला तरी येतं."

हे त्यांना फार लागलं होतं. म्हणून तर हा मेळावा!

जागा निवडायला खरं तर काहीच कष्ट पडले नाहीत. "कुठे भेटायचं?" असं त्यांनी विचारलं, तर सगळे म्हणाले, "तुम्ही म्हणाल तिथे, पाक." समुद्र की डोंगर? "दोन्ही छान." शनिवार की रविवार? "दोन्ही छान." आमच्या जावात माणसाला एक वेळ उपाशी ठेवता येतं, पण त्याच्या तोंडून 'नाही' वदवून घेता येत नाही. शेवटी वार्दोयोंनीच बंगला ठरवला आणि मग खासगीत एकेकाचे फोन यायला लागले.

"जागा अतिशय सुंदर आहे हो," योग्यकार्ताच्या बू सुलास्त्री म्हणाल्या. "थंडीने माझ्या होल्याचा घसा बसतो, पण त्याचं काय एवढं! मी आणि तो मोटारीतच काचा लावून बसू."

"बघ, किती समजूतदार बाई!" वार्दोयो बायकोला म्हणाले.

"घाटात मला जरा उलट्या होतात," मागेलांगच्या पाक गुनादींनी कळवलं. "पण तुम्ही मुळीच मनाला लावून घेऊ नका. मी पिशव्या घेऊन येईन."

"बघ, पिशव्यासुद्धा आणतोय! याला म्हणतात उत्साह!"

बायकोने कपाळाला हात लावला. वार्दोयोंचं तिकडे लक्ष कुठलं? ते कोणी कुठल्या खोलीत झोपायचं ते ठरवत होते. घोरणारे मागच्या बाजूला, गुडघेवाले खालच्या मजल्यावर, उकिडवं बसता न येणाऱ्यांना कमोडवाली खोली.

सरळ बोलला तो एकच माणूस. पाक सिहोंबिंग, सेमारंगमधले दातांचे डॉक्टर. सुमात्रातला बाताक माणूस, दात आणि शब्द दोन्ही मुळापासून उपटणारा. त्यांनी सगळ्यांसमोर ग्रुपवरच लिहून टाकलं, "मी त्या डोंगरावर येणार नाही. गारठा आहे, रस्ता वाकडा आहे, आणि होल्यांना मरायची घाई नाही. दुसरी जागा बघा."

 लगेच प्रत्येकाने वार्दोयोंचं खासगीत सांत्वन केलं. "काय हा उद्धटपणा! आम्ही आहोत ना तुमच्या पाठीशी. इन्शाअल्लाह, येऊच."

"इन्शाअल्लाह म्हणाले? सगळे?" बायकोने विचारलं. "मग जेवण दोघांपुरतंच करू ना?"

"अगं, देवाचं नाव घेऊन कोणी खोटं बोलेल का?"

"माझ्या भावाला तुम्ही लग्न झाल्यापासून इन्शाअल्लाह म्हणताय. त्याचं घर कुठल्या गल्लीत आहे, सांगा बरं?"

वार्दोयो पिंजरा पुसायला निघून गेले. एरवी हा माणूस दुसऱ्याच्या 'हो'मधला 'नाही' शंभर पावलांवरून ओळखायचा. पण या वेळी त्याला ओळखायचाच नव्हता.

शनिवारी सकाळी दोघं बंगल्यावर पोचली. बायकोने तोंडाने टोमणे मारले खरे, पण हातांनी तीस माणसांचा नारळाच्या दुधातला भात, कोंबडी आणि पातेलंभर मिरचीचं सांबाल रांधून आणलं होतं. वार्दोयोंनी स्वतःचा पिंजरा पहिल्या आकड्याला टांगला आणि फाटकाशी जाऊन उभे राहिले. दुपार टळली. धुकं उतरलं. भाजीचा टेम्पो दिसला तरी ते हात हलवायचे. होला गारठून अंगाचा गोळा करून बसला होता आणि मालकही तसेच दिसत होते. बायकोला आता टोमणा मारवेना. तिने मुकाट्याने त्यांच्या खांद्यावर स्वतःची शाल टाकली.

तेवढ्यात फोन वाजला. सिहोंबिंग होते.

"अहो, आहात कुठे? तुमच्या दाराला कुलूप आणि अंगणात जत्रा भरलीय!"

"माझ्या अंगणात? पण तुम्ही तर येणार नाही म्हणाला होतात!"

"डोंगरावर येणार नाही म्हणालो. तुमच्या घरी येणार नाही असं कधी म्हणालो?"

"आणि जत्रा कसली?"

"तुमचा सगळा ग्रुप आलाय! प्रत्येकाला वाटलं, बाकीचेही येणार नाहीत, म्हणजे मेळावा बारगळलाच. आणि तुम्ही ते समजून घरीच बसला असाल. मेळाव्याला न आल्याबद्दल माफी मागायला जो तो मिठाईचा डबा घेऊन आलाय. एकमेकांना बघून माना खाली घालून उभे आहेत सगळे. त्या गुनादींची माफी तर मी दोनदा ऐकली."

वार्दोयोंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "धरून ठेवा त्यांना! एकालाही हलू देऊ नका! आम्ही निघालोच!"

पातेली, पिंजरा, शाल, सगळं मोटारीत कोंबलं आणि सहासष्ट वर्षांच्या त्या माणसाने घाटात अशी गाडी हाकली की बायकोने वाटेतल्या प्रत्येक मशिदीला नवस बोलून ठेवला.

दिवेलागणीला घर आलं. अंगण रिकामं होतं. पायरीवर मिठाईच्या डब्यांची उतरंड, आणि शेजारी मांडीवर पिंजरा घेऊन एकटे सिहोंबिंग.

"बाकीचे?"

"वर गेले. डोंगरावर."

"अहो, मी येतोय हे सांगितलं नाहीत?"

"चारदा सांगितलं. सगळे म्हणाले, 'हो हो, थांबतो आम्ही.' आणि गेले! तुमचं 'निघालोच' त्यांना नुसतं भिडेचं वाटलं. तुम्ही वर एकटेच वाट पाहताय हे कळल्यावर बू सुलास्त्री तर रडायलाच लागल्या. पाक गुनादींनी शेजारणीकडून पिशव्या मागून घेतल्या. मला काही तुमच्या लोकांचं कळत नाही. मला भूक लागलीय."

भूक लागलीय! बू मार्सियाहच्या दारात आजवर एकाही पाहुण्याने असं म्हटलं नव्हतं. त्या आधी चपापल्या, मग हसत सुटल्या आणि पातेल्यांची झाकणं काढू लागल्या.

वार्दोयो पायरीवर मटकन बसले. फोन वाजला. वरून बू सुलास्त्री बोलत होत्या आणि त्यांचे दात वाजत होते.

"पाक, जागा खरंच अतिशय सुंदर आहे हो! आम्ही सगळे पोचलो. तुम्ही कधी येताय?"

वार्दोयोंची पाठ मोडून आली होती. सिहोंबिंग समोर बसून त्यांच्याकडे रोखून बघत होते. मग वार्दोयोंनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं.

"नाही, बू," ते म्हणाले. "मी येणार नाही. मी फार दमलोय."

 पलीकडून बू सुलास्त्रींचा मायेने ओथंबलेला आवाज आला.

"कळलं हो, पाक. इतका संकोच कशाला? अगदी सावकाश या. तुम्ही आल्याशिवाय आम्ही कोणी जेवणार नाही."

फोन बंद झाला. वार्दोयो बायकोकडे बघत राहिले. तिने सिहोंबिंगचं ताट भरलं, मग पातेल्यांवर परत झाकणं ठेवली आणि पदर खोचावा तसा सारोंग वर खोचला.

"तुमची माणसं एकजात वेडी आहेत," ती म्हणाली. "पण खरी आहेत. उठा, गाडी काढा, गारठून मरतील तिथे."

वार्दोयो लगबगीने उठले. घराची किल्ली त्यांनी सिहोंबिंगच्या हातात दिली. ते जेवत होते आणि त्यांनी उठायचं नावही घेतलं नाही.