तंगडीवरची सोयरीक

सोयरीक जमवायची तर पोरीच्या घरी चहा-पोहे खावे, हो की नाही सांगावं आणि उठावं. पण नव्या पिढीला त्यासाठी यवतमाळचं हॉटेल लागतं. तेही असं, की जिथं ताटच मिळत नाही. चार-चार घासांच्या बश्या येतात, टेबलाच्या मधोमध ठेवतात आणि सगळ्यांनी त्यातूनच उचलायचं. दारव्ह्याचे सदाशिवराव खुर्चीत बसले तेच चिडून.

धीर एकाच गोष्टीचा होता. पोराचे वडील, पांढरकवड्याचे देवराव, त्यांच्यासारखेच महानुभाव पंथाचे. दारातच "दंडवत प्रणाम" झालं होतं. पंथाच्या घरात मांसमच्छीचा वारा नसतो आणि दुसऱ्या देवांचे उपासतापासही नसतात. पोरगा लेकीला, निशिगंधाला पसंत होता. म्हणून निघतानाच मैनाबाईंनी नवऱ्याला दम भरला होता, की तोंड उघडायचं ते फक्त खायला.

निशिगंधा आणि देवरावांचा नयन पलीकडच्या टेबलावर बोलत बसले. तिथूनच तिनं सगळ्यांसाठी मागवलं. पहिली बशी आली. लाल मसाल्यात माखलेल्या तंगड्या, प्रत्येकीतून हाडाचं टोक बाहेर आलेलं.

सदाशिवरावांचं डोकं सणकलं. समोर देवरावांनी एक तंगडी उचलली, डोळे मिटले आणि चावली. सदाशिवराव उठणार तोच मैनाबाईंचा पाय टेबलाखाली त्यांच्या पायावर पडला.

"घ्या ना भाऊ, लाजता कायले?" देवराव म्हणाले. "तुमच्या आवडीचं हाये."

शिवी ओठांवर आली होती. पण पलीकडे निशिगंधा हसत होती, घरी कधी हसली नव्हती अशी. सदाशिवरावांनी शिवी गिळली. "माहा उपास हाये. सोमवारचा."

थाप महागात पडली. मागोमाग मक्याचे दाणे आले, पनीर आलं, कोबीची भजी आली. उपासवाल्याच्या नशिबी बश्या पुढं सरकवणं उरलं. देवराव मात्र त्यांच्याकडे टक लावून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"महानुभाव म्हणवता अन् महादेवाचा उपास धरता? फसवलं तुमी आमाले."

"मी फसवलं? पंथाचं नाव सांगून तंगडं चघळून राह्यले तुमी, अन् वरून मलेच?"

सगळं हॉटेल वळून पाहू लागलं. निशिगंधा धावत आली. भांडण कशाचं ते ऐकून तिनं एक तंगडी मोडून बापासमोर धरली. आत नुसते पापुद्रे, आणि हाड म्हणजे लाकडाची काडी.

"बाबा, सोयाबीन हाये हे. आपल्या वावरात होते ते."

जन्मभर सोयाबीन पेरलेल्या सदाशिवरावांनी काडीकडे पाहिलं, मग देवरावांकडे. देवरावांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणजे मी बाटलो नाई?"

हळूहळू उलगडलं. पोरीनं तंगड्या मागवल्या, म्हणजे तिच्याकडचे लोक चोरून खाणारे, असं देवरावांनी धरलं होतं. नाक मुरडलं तर नयनची सोयरीक मोडली असती. म्हणून स्वामींचं नाव घेऊन ते चावले. एक पाप पोटात घातलं, त्यात हे उपासाचं दुसरं मावेना.

सदाशिवरावांचा राग कुठल्या कुठं गेला. लेकीसाठी आपण नुसतं खोटं बोललो. हा माणूस पोरासाठी धर्म गिळून बसला होता.

"पोरगी दिली तुमाले," ते म्हणाले. मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "अन् चव कशी लागली होती?"

मैनाबाईंचं लक्ष नाही, हे देवरावांनी आधी पाहून घेतलं.

"तेच तं पाप हाये ना, भाऊ. लय चांगली लागली."