तलावाची फाईल आणि एकतिसावा अर्ज

"आज फाईल घेतल्याशिवाय परत येत नाही!" अशी गर्जना करून चिकट वर्तमानपत्राच्या कचेरीतून निघाला. बातमीला गोचिडासारखा चिकटतो म्हणून सहकाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव तो पदवीसारखं मिरवायचा.

भानगड होती पोहण्याच्या तलावाची. तीन वर्षं फाटकाला कुलूप! विचारावं तर नगरपालिकेचं एकच उत्तर : "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." खटल्याची फाईल पाहायला मिळावी म्हणून चिकटने तीस अर्ज केले होते. एकतिसावा आज खांद्यावरच्या पिशवीत होता.

नगरपालिकेच्या विधी विभागाच्या दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच कारकूनबाई ओरडल्या, "आलात एकदाचे! तीन आठवडे डोळे लावून बसलोय!"

चिकट भारावला. सरकारी कचेरीत असं स्वागत! "बाई, मी तलावाच्या फाईलसाठी..."

"तीच तर अडकलीय! बसा खाली, उघडा झाकण!"

समोर झेरॉक्स मशीन आ वासून उभं होतं. आता चिकटच्या डोक्यात प्रकाश पडला. बाई त्याला मेकॅनिक समजत होत्या!

"अहो बाई, मी तो नव्हे..."

"कारणं नकोत! त्या वार्ताहराला प्रती द्यायच्यात. रोज अर्ज टाकतो मेला!"

चिकट म्हणाला, "बाई, तो मेला मीच."

"अगंबाई!" बाई क्षणभर ओशाळल्या. मग म्हणाल्या, "मग तर तुमचंच काम आहे. ओढा!"

चिकटने बाह्या सरसावल्या, कागदाचं टोक धरलं आणि दात-ओठ खाऊन ओढलं. फस्स! काळ्या शाईच्या भुकटीचा असा लोट उठला की चिकट कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसू लागला. बाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवर अमावस्या! आणि मशीनला कंठ फुटला. खडखड, खडखड... कागदांवर कागद! एकच पान, शंभरदा!

आवाजाने विधी अधिकारी धावत आले. "काय चाललंय? हा काळा माणूस कोण?"

"पत्रकार!" बाई आणि चिकट एका सुरात म्हणाले.

"पत्रकार? आत? बाहेर काढा! ही कागदपत्रं..." साहेबांच्या छातीवर एक पान येऊन आदळलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "वादीने खटला मागे घेतला. प्रकरण निकाली. पण ही तारीख तर दोन वर्षांपूर्वीची! मग दर महिन्याला 'न्यायप्रविष्ट' म्हणून मी सही कशावर करतोय?"

"मी पुढे ठेवते त्यावर," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि तुम्ही ते का ठेवता?"

"मागच्या महिन्यात ठेवलं होतं म्हणून."

साहेब मटकन खुर्चीत बसले.

"साहेब, एक प्रत नेऊ का?" चिकटने विचारलं.

"नियमाने अर्ज लागतो," साहेब क्षीण आवाजात म्हणाले.

बाईंनी कपाटातून जाडजूड गठ्ठा काढून टेबलावर आपटला. चिकटने त्यावर एकतिसावा ठेवला. साहेबांनी निमूटपणे शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी बातमी पहिल्या पानावर! आठवड्यात कुलूप निघालं, तलाव भरला, गाव लोटलं. लोकांनी चिकटला खांद्यावर घेतलं, टाळ्यांच्या कडकडाटात काठापर्यंत नेलं. "पहिली उडी तुमची!"

चिकटने निळ्याशार पाण्याकडे पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. शेवटी त्याने प्रशिक्षकाच्या कानात काहीतरी सांगितलं.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता तो उथळ बाजूला, कमरेइतक्या पाण्यात, कठडा घट्ट धरून उभा असतो. शेजारी पहिलीतल्या पोरी सुळकन निघून जातात आणि प्रशिक्षक शिट्टी फुंकून ओरडतो, "वार्ताहर, कठडा सोडा!"